मुशीची नाळ

टोकावड्याच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीला ठकी सुईण उकिडवी बसली, की बाकीच्या बायका हात आखडून मागं थांबायच्या. आधी तिची निवड होऊ द्यायची, मग आपली. ठकी एकेक मुशी उचलायची, उताणी धरायची आणि चिरलेल्या पोटाच्या दोन्ही पाळ्या अंगठ्यानं ताणून बघायची. पाळी रुंद, सैल, ओघळलेली असली तर मुशी मांडीवर. अरुंद आणि ताठ असली तर परत ढिगात.

मुशी म्हणजे शार्कच. शहरातली माणसं शार्क म्हटलं की होडीएवढा जबडा डोळ्यापुढं आणतात. आमच्या बाजारातली मुशी कोपरापासून बोटांपर्यंतची, राखाडी, फावड्याच्या पात्यासारख्या चपट्या तोंडाची. काठाजवळच्या उथळ पाण्यात, तळाचा चिखल धरून राहते. पाठीवरनं उलटा हात फिरवला तर खरखरते. तिचं कालवण बाळंतिणीला दिलं की दूध फुटतं, हे आमच्याकडं देवाच्या नावासारखं. त्याला पुरावा कोणी मागत नाय.

ठकीनं त्यात स्वतःची एक भर घातली होती. रुंद पोटाचीच मुशी घ्यायची. पोट रुंद म्हणजे मासा खाऊनपिऊन सुखी, आणि सुखी माशाचं अंग बाळंतिणीच्या अंगी लागणार. तीस वर्षं तिनं हे तीसेक वाड्यांना सांगितलं. त्या वाड्यांच्या लेकी लग्न होऊन शहापूर-खर्डीच्या अंगाला गेल्या, त्यांनी तिकडं सांगितलं. पुढं पुढं तर बायका नुसतं 'ठकीची मुशी द्या' म्हणायच्या, आणि विकणारी कोळीण मागची वेगळी पाटी पुढं ओढायची.

ती कोळीण म्हणजे अर्नाळ्याची हिराबाई. आवाज असा, की पलीकडं बैलाचं शिंग साळणारा माणूस दचकायचा. ठकी ठाकर, कुड्याच्या वाडीची, डोंगराच्या कुशीतली. तिला समुद्र ठाऊक नाय, हिराबाईला डोंगर ठाऊक नाय. पण वीस वर्षं एकमेकींशी घासाघीस केल्यावर दोघी बहिणींसारख्या भांडायला लागल्या होत्या.

ठकीच्या हाताबद्दल थोडं सांगायला पाहिजे. पोटावर तळवा ठेवला की तिला आत डोकं कुठं, पाठ कुठं, नाळेचा वेढा आहे की नाय, सगळं कळायचं. आमच्या गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर आलेली, मीसुद्धा. सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं सुइणींना शिक्षण दिलं तेव्हा ठकीला पेटी मिळाली: पातं, उकळलेला दोरा, साबण. पेटी तिनं जिवापाड जपली. नर्सनं सांगितलेलं अर्धं ऐकलं, अर्धं 'तिला पोर नाय झाला अजून' म्हणून सोडून दिलं.

अशा बाईच्या स्वतःच्या सुनेचं पहिलं मूल दगावलं.

गिरजा तिच्या लखमाची बायको. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतीप्रमाणं. आषाढाचे दिवस, वाटा बंद, बाजार बंद. दूध आलंच नाय. पोर गुळाच्या पाण्यावर नऊ दिवस राहिली आणि गेली. गिरजाची आई भागी म्हणाली, ठकीची मुशी असती तर माझी नात जगली असती. ठकीलाही तसंच वाटत होतं. सतराशे ठिकाणी मुशी धाडली आणि आपल्याच सुनेला पोचवता आली नाय, हे तिला लागलेलं. गिरजा मात्र काही बोलली नव्हती. ती बोलायचीच कमी. फक्त सत्त्याण्णव साली पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिनं सासूला एवढंच विचारलं, "आत्ती, या टायमाला दूध येल ना?"

ठकी म्हणाली, "येल." आणि त्या एका शब्दापायी तिची झोप उडाली. गिरजाचे दिवस फाल्गुनात भरणार होते. तोवर चांगल्यातली चांगली, रुंदातल्या रुंद पोटाची मुशी घरात लटकलेली पाहिजे होती.

पौषात हिराबाई बाजारात आली ती काम घेऊन. तिची लेक दवाखान्यात बाळंत झाली होती, पोट कापून, आणि आता कंबर धरून बसली होती. अर्नाळ्यात हात लावायला कोणी धड नाय. ठकीनं दहा दिवस यावं, तेल-शेक करावा, आणि जाताना सुनेसाठी हवी तेवढी मुशी स्वतः निवडून न्यावी, बोटीवरनं उतरलेली, ताजी, स्वतःच्या देखत वाळवलेली. ठकी लगेच तयार झाली. तिचा नवरा वाळू म्हणाला, समुद्र बगून ये, पण त्यात पडू नको, तुझ्याशिवाय भाकर कोण भाजल. पेटी घेऊन ठकी निघाली. जीपनं कल्याण, एसटीनं भिवंडी, वसई, आणि तिथनं पुढं.

समुद्र बघून तिला काय वाटलं ते मी तिला खूपदा विचारलं. ती म्हणायची, "पानी व्हता." बस. समुद्रानं तिला गार केलं नाय. गार केलं ते वेगळ्याच गोष्टीनं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भरतीबरोबर होडी लागली. जाळं काठाजवळच टाकलेलं, मासळी अजून थरथरत होती. बोंबील, जवळा, करदी, आणि त्यात मुशी. बायका रेतीवर गोल करून बसल्या, पुढ्यात फळ्या, हातात सुऱ्या. ठकीची मालिश सकाळीच उरकलेली, ती रिकामी. हिराबाईनं तिच्याकडं एक सुरी टाकली आणि जाड पोटाच्या पाचसहा मुश्या बाजूला काढून तिच्या पुढ्यात सरकवल्या. "ह्या तुझ्या. तुझ्या हातानं चीर."

ठकीनं पहिली उताणी धरली आणि सुरी घातली. पोट उघडलं. आणि तिचा हात थांबला.

आत पोरं होती.

दोन्ही बाजूंना, ओळीनं, एकमेकांना चिकटून, बोटापेक्षा थोडी लांब. पूर्ण झालेली. डोळे, पर, शेपूट, आईसारखंच चपटं तोंड. माशाच्या पोटात गाबोळी असते, अंड्यांची, हे तिला नदीच्या मासळीवरनं ठाऊक होतं. ही गाबोळी नव्हती. आणि प्रत्येक पोराच्या छातीखालनं, पुढच्या दोन परांच्या मधून, एक नाळ निघत होती.

नाळ. ठकीनं जन्मभर जी कापली ती. माणसाची नाळ गुळगुळीत, पीळदार असते. हिच्यावर बारीक बारीक तंतू होते, पोराच्या जावळासारखे, सगळ्या लांबीभर. आणि नाळेच्या दुसऱ्या टोकाला वार. लहान, नखाएवढी, लाल, आईच्या पिशवीला आतनं घट्ट धरून बसलेली. प्रत्येक पोराची वेगळी. बारा पोरं, बारा नाळा, बारा वारा.

शेजारच्या बाईची सुरी चालूच होती. आतलं सगळं ओंजळीनं काढायचं, कावळ्यांना फेकायचं, पोट धुवायचं, मीठ भरायचं. तिच्या बाजूला पोरांचा ढीग पडला होता, त्यावर माशा. ठकीनं तिकडं बघितलं, मग आपल्या मांडीवरच्या मुशीकडं. मग ती उठली आणि खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुवून आली. का धुतले, तिला नाय सांगता यायचं. बाळंतीण पुढ्यात असली की ती हात धुवायची, एवढंच.

परत आली तर बारांतलं एक हललं.

ती धावत घरात गेली, पेटी आणली. उकळलेला दोरा काढला, नाळेला दोन ठिकाणी गाठ मारली, मधोमध पात्यानं कापली. नर्सनं शिकवलेलं जसंच्या तसं. पोर पाण्याच्या टोपात घेतलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडलं. ते खाली गेलं, तळाला टेकलं. गालफडांच्या चिरा उघडझाप करत होत्या. गढूळ पाण्यात ठकी वाकून बघत राहिली. त्यानं एकदा अंग वळवलं, चिखल उडाला, आणि मग तिथं काही नव्हतं.

काठावरच्या बायका पोट धरून हसत होत्या. एकीनं विचारलं, पाचवी कुठं पुजायची, वाळूत की पाण्यात. हिराबाईनं सगळ्यांत मोठ्यानं विचारलं, मुलगा की मुलगी ते तरी बगितला का.

हसली नाय ती एकटी रुपाली. बाविसेक वर्षांची पोर, मासळीचं शिक्षण घेणारी, रोज दुपारी वही आणि मोजपट्टी घेऊन मुश्या मोजत बसायची. कोळणी तिला 'मापवाली' म्हणायच्या. तिनं दोरा बांधलेली नाळ उचलून बघितली आणि ठकीला विचारलं, मावशी, तुम्ही करता काय? ठकी म्हणाली, हेच. मग दोघी फळीशी बसल्या, आणि ठकीनं तिला असे प्रश्न विचारले जसे एक सुईण दुसऱ्या सुइणीला विचारते. दिवस किती भरतात? पाच-सहा महिने. वार पडते का? पडते. नाळ कोण कापतं? कोणीच नाय, पोर बाहेर येताना तुटते. मग बेंबी?

रुपालीनं बाजूच्या ढिगातली एक लहानशी, जन्मून थोडेच दिवस झालेली मुशी उचलली. उताणी केली आणि पुढच्या दोन परांच्या मधे बोट ठेवलं. तिथं एक बारीक खूण होती, चिरेसारखी. "ही बघा."

ठकीनं अंगठा ठेवला. तिनं आयुष्यात हजार बेंब्या दाबून बघितल्या असतील, वाळली का, पिकली का. ही वाळून बसलेली, नीट. माशाला बेंबी होती. तीस वर्षं हातात घेत आली आणि अंगठा नेमका एवढ्याच जागी कधी गेला नव्हता.

रुपालीनं पुढं सांगितलं ते ठकीला उभ्या जन्मात विसरता आलं नाय. बहुतेक माशांचं अंडं बलकानं भरलेलं असतं, पोराची शिदोरी आईनं आधीच बांधून दिलेली. हिचं अंडं टाचणीच्या डोक्याएवढं, त्यात बलक जवळजवळ नायच. आई शिदोरी देत नाय, रोज ताट वाढते. नाळेतनं, आपल्या रक्तावर, बाराजणांना एकदम. कोंबडीच्या जातीला जमलं नाय, सापाच्या बऱ्याच जातींना जमलं नाय, ते ही चिखलात लोळणारी मासळी माणसाच्या कितीतरी आधीपासून करत आली. आणि पोर बाहेर पडलं की दात घेऊनच पडतं. त्याच दिवशी तळाशी जवळा धरायला लागतं. आई त्याला एक घटकासुद्धा उपाशी ठेवत नाय, पोटात असेतो.

"मनजे आमी माणसा नंतरची," ठकी म्हणाली. "ही आमच्याआधीची सुईण."

रुपाली तिला आणखीही सांगत होती. इतर मासळी हजारांनी अंडी टाकते, चार जगली तरी भागतं. ही वर्षाकाठी दहा-बारा पोरं देते, तीही पोटात सांभाळून. अशी आई बाळंत व्हायच्या आधी चिरली तर एकीबरोबर आणखी बारा जातात. जाळी आता तळ खरवडून नेतात. म्हातारे कोळी मुशी हात पसरून दाखवतात, आता मोजपट्टीवर दर साल लहान येते. तळाशी राहणाऱ्या हिच्या मोठ्या भावकीत तर एक करवतीच्या सोंडेचा मासा होता, हिराबाईच्या सासऱ्यानं त्याची करवत घरात टांगली होती, पण तो जिवंत बघितलेलं आता गावात कोणी उरलं नव्हतं.

ठकीनं मग हिराबाईला विचारलं. शांतपणे, सुरी खाली ठेवून.

"हिरा, मी रुंद पोटाची मागायची. ती रुंद कशानं व्हायची, तुला ठाऊक व्हता?"

"आता आलाय का सवाल," हिराबाई म्हणाली. "पोरवाली असते ती. पोट ताणलेला, पोरा काढली की सैल पडता. तुला ठाऊक नव्हता? आमाला वाटला तू मुद्दाम मागतेस. पोरवालीला पोरवाली. तुझ्यासाठी मी साऱ्या बंदरावर सांगून ठेवलाय, जाड दिसली की सोडू नका, वरच्या अंगाला गिऱ्हाईक हाय."

ठकीनं पुढ्यातल्या उरलेल्या जाड मुश्या हिराबाईकडं परत सरकवल्या.

आमच्या डोंगरातल्या वाड्यांना एक नेम आहे. गाभण जनावराला हात लावायचा नाय. चुकून लागला तरी दंड. वीस वर्षांमागं वाळूच्या फाशात सशी अडकली, सोलताना पिल्लं निघाली. वाडीनं त्याला सगळ्या उंबऱ्यांना जेवण घालायला लावलं, वर वर्षभर फासा बंद. वाळू रडकुंडीला आला, मला काय ठाऊक, बाहेरनं दिसत नव्हता. तेव्हा बायकांतनं ठकीच बोलली होती. "दिसत नसला तरी हाताला कळाय पायजे." नवऱ्याला भर वाडीत.

आता तिचेच हात. पोट चाचपून डोकं-पाठ सांगणारे. तीस वर्षं निवडून निवडून त्यांनी लेकुरवाळ्याच काढल्या होत्या. पुढचे सात दिवस तिनं हिराबाईच्या लेकीला मालिश केली, बाळाला न्हाऊ घातलं, आणि मासळीचं ताट बाजूला सारून भाताबरोबर नुसतं मीठ खाल्लं. हिराबाई चिडली. म्हणाली, तू नाय खाल्लीस म्हणून ती परत शिवली जाणार हाय का.

ते ठकीलाही पटत होतं. पण घरी गिरजा होती, आणि तिला 'येल' म्हटलेलं होतं. मुशी न्यावी तर ही अशी. न न्यावी तर दुधाचं काय. तिनं रुपालीला विचारलं, या मुशीनं दूध खरंच येतं का गो? रुपाली म्हणाली, मला ठाऊक नाही मावशी. अंगाला चांगली असते, एवढंच पुस्तकात आहे. पोटाच्या रुंदीचं काही नाही. ठकीला तो प्रामाणिकपणा आवडला आणि त्यानं तिचं काम अवघडही झालं. मग तिनं विचारलं, यातला नर कसा वळखायचा?

रुपालीनं दाखवलं. नराला मागच्या परांच्या आतल्या बाजूला दोन बोटं असतात, कांडीसारखी. वाळल्यावरही तशीच राहतात, चुकायचं कारण नाय.

निघायच्या दिवशी हिराबाईनं जाड पाळीच्या निवडक मुश्यांची जुडी बांधून ठेवली होती. ठकीनं जुडी सोडली, सगळ्या परत केल्या आणि ढिगातनं चाचपून चाचपून दोन बोटांच्या काढल्या. तिच्यामागं बायकांनी काय काय विनोद केले ते इथं लिहिण्यासारखे नायत. हिराबाई एवढंच म्हणाली, "वीस वर्सा तुला बाया पायजे व्हत्या. म्हातारपणी बापये लागले."

वाडीत आल्यावर ठकीनं लपवालपवी केली नाय. घरापुढं बायका जमल्या, तिथं तिनं पोट उघडल्यापासून सगळं सांगितलं. नाळेवरचं जावळ, नखाएवढी वार, बेंबी. बायका तोंडावर पदर धरून ऐकत होत्या. म्हातारा वाळू दारात बसून ऐकत होता. बायकोला आता सशीची आठवण करून द्यायची त्याला आयती संधी होती. त्यानं दिली नाय. फक्त विचारलं, "बाराच्या बारांना वेगळी नाळ?" ठकी म्हणाली, बारांना. वाळूनं आकाशाकडं बघून हात जोडले आणि चिलीम पेटवायला गेला.

भागीनं मात्र हात जोडले नायत. लेकीच्या बाळंतपणाला ती फाल्गुनाच्या तोंडावर येऊन राहिली होती आणि आढ्याला टांगलेल्या मुश्या तिनं आल्या आल्या उतरवून बघितल्या. दोन बोटं बघून ती पेटलीच. लोकांच्या लेकींना रुंद पोटाची आणि माझ्या लेकीला ही. एक नात मातीत घातली ती पुरली नाय का.

"नराच्या अंगात दूध असता, विहीणबाई," भागी म्हणाली, "तर तुमच्या लखमाला पदराखाली घेऊन बसवला असता पोर पाजाया."

लखमा तिथंच दोर वळत होता. तो उठून मुकाट्यानं रानात गेला.

फाल्गुन वद्यात, सकाळी गुरं सुटायच्या वेळेला गिरजाला कळा लागल्या आणि दुपारी जेवणवेळेला मुलगी झाली. सरळ बाळंतपण. नाळ कापताना ठकीचा हात क्षणभर थांबला, भागीनं ते बघितलं. वार पडली. ठकीनं ती नेहमीसारखी लगेच मडक्यात घातली नाय. तळव्यावर घेऊन उजेडात धरली, आईला धरून होती ती बाजू, पोराला धरून होती ती बाजू, उलटसुलट. इतकी वर्षं तिनं वार बघितली ती पूर्ण पडली का एवढ्यासाठी. आज ती नुसती बघत होती.

मग तिनं पोर पुसलं आणि तसंच गिरजाच्या छातीला लावलं.

भागी ओरडली. आमच्याकडं पहिले तीन दिवस अंगावर पाजत नायत. पहिला चीक जड, पिवळा, तो पिळून टाकायचा आणि पोराला गुळाचं पाणी द्यायचं. नर्स ओरडून ओरडून थकली होती, अंगावर घ्या, चीक टाकू नका. ठकीनं स्वतः तिला कधी जुमानलं नव्हतं.

"त्या नर्सबाईचा खरा निघाला तर?" ठकी भागीला म्हणाली. "मुशी पोराला एक घटका उपाशी ठेवत नाय. आमी तीन दीस ठेवतो. आनि वर तिलाच कापून खातो, दूध दे म्हनून."

"ती मासळी हाय. ही माझी लेक हाय."

"माझीबी हाय."

गिरजानं दोघींकडं बघितलं आणि पोराचं तोंड स्वतःच्या हातानं छातीवर धरलं. तिनं कोणाला विचारलं नाय.

पहिल्या दिवशी थोडा चीक, पिवळा, थेंबाथेंबानं. भागी कपाळ बडवत बसली. दुसऱ्या दिवशी पोर ओढून ओढून रडायला लागली, गिरजा कळवळायला लागली. ठकीनं नर मुशीचं कालवण केलं होतं, लसूण-मिरी घालून, तांदळाची भाकर. भागीनं वाटी बाजूला सारली, मग ठकी पाठमोरी झाल्यावर लेकीनं खाल्ली तर नको म्हणाली नाय. ठकी काही खाईना. दर थोड्या वेळानं पोर उचलायची, छातीला लावायची, पाठीवरनं तेलाचा हात फिरवायची. कुडाबाहेर वाडीतल्या बायका सारवण करायच्या निमित्तानं घुटमळत होत्या. येतंय की नाय, ते सगळ्यांना पाहिजे होतं. आलं नसतं तर त्या वाडीत ठकीचं पुन्हा कोणी ऐकलं नसतं, आणि रुंद पोटाच्या मुशीची पाटी आणखी तीस वर्षं भरली असती. पण ठकीनं मला सांगितलं, तेव्हा मुशी माझ्या डोक्यात नव्हती रे. त्या पहिल्या पोरीचं तोंड व्हता, मी न बगितलेला.

तिसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर गिरजा म्हणाली, आत्ती, अंग जड झालाय. ठकीनं हात लावून बघितलं. छाती दगडासारखी, गरम. पोर लावली तर तिच्या तोंडातनं दूध ओघळून गळ्यात उतरलं. ती ठसकली, पुन्हा लागली. भागी उठली, जवळ आली, पोरीच्या गळ्यातलं दूध पदरानं पुसलं आणि पदर नाकाशी धरला. मग बाहेर जाऊन कुडाबाहेरच्या बायकांना म्हणाली, तुमाला घरची कामा नायत का.

दूध कशानं आलं, यावर वाडीत कधी एकमत झालं नाय. ठकी म्हणायची पोरीनं ओढलं म्हणून. भागी म्हणायची तिनं म्हसोबाला कोंबडं बोललं होतं म्हणून. काहीजणी शपथेवर सांगायच्या की नर मुशीत जोर जास्त असतो. ठकीनं त्यांना अडवलं नाय. तिला हवं होतं तशी रुंद पोटाची मुशी ढिगातच राहत होती, मग कारण कसंही असो.

बाजारात ती बसायची तशीच बसत राहिली. आता उताणी धरून दोन बोटं बघायची, आणि जी बाई थांबेल तिला पोटातली नाळ सांगायची. कोणी ऐकलं, कोणी ही म्हातारी चळली म्हणालं. शहापूरकडच्या बाजारांत जुनंच चालू राहिलं, तिथवर तिचा आवाज पोचला नाय. हिराबाईनं दोन वर्षांनी आपणहून जाड पाळीची पाटी आणणं सोडलं, गिऱ्हाईक नाय म्हणून. दयेनं नाय, तसं तीच सांगायची. समुद्राचं त्यानं किती भलं झालं कोण जाणे. रुपालीचं शेवटचं पत्र दोन हजार एकला आलं, त्यात करवतीचा मासा धरायला सरकारनं कायद्यानं बंदी घातल्याचं होतं, मुशीचं काही नव्हतं. पत्र मी ठकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, करवतवाला संपल्यावर आठवला काय त्यांना.

दोन हजार तीनला गिरजाला पुन्हा दिवस राहिले. ठकी बाजाराला निघाली, पिशवी खांद्याला, दोन बोटांची मुशी आणायला. गिरजा ओट्यावर भात पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "आत्ती, माझ्यासाठी मुशी नका आनू."

ठकीनं विचारलं, का गो, नराची हाय.

"दूध माझा हाय," गिरजा म्हणाली. "येतंय ते मला ठाऊक हाय. ती नर का मादी, कशाला चिखलातनं काढायची."

ठकी पिशवी घेऊन बाजारात गेली, मीठ आणि लसूण घेतला आणि परत आली.